24 तास की 728 तास? ओहायोतल्या मॅडिसन शाळेची केस

शिक्षकांना बंदूक द्यावी का, हा वाद अमेरिकेत इतका जुना झालाय की दोन्ही बाजूंची वाक्यं सगळ्यांना पाठ आहेत. त्यामुळे त्या वाक्यांच्या वाटेला न जाता, बंदूक द्यायचीच तर शिक्षकाला ट्रेनिंग किती तासांचं हवं, यावरची एकच केस घेते आणि ती नीट उलगडून सांगते, कारण ही केस आमच्याच काउंटीत घडली आणि तिच्यामुळे अख्ख्या राज्याचा कायदा बदलला.

ओहायोत सिनसिनाटीच्या उत्तरेला बटलर काउंटी आहे, त्यात मॅडिसन टाउनशिप. शेतीवाडीचा भाग, शाळा सगळ्यांच्या ओळखीची, कोणाचा मुलगा कोणाबरोबर फुटबॉल खेळतो हे सगळ्यांना माहीत. 29 फेब्रुवारी 2016, सोमवार, जेवणाच्या सुट्टीत कॅफेटेरिया भरलेला असताना 14 वर्षांच्या एका विद्यार्थ्याने पिस्तूल काढलं आणि गोळ्या झाडल्या. दोन मुलांना गोळ्या लागल्या, अजून दोघं त्या गोंधळात जखमी झाली. नशीब इतकंच की कोणी दगावलं नाही. शाळेत नेमलेला पोलिस, ज्याला इथे स्कूल रिसोर्स ऑफिसर म्हणतात, तो त्या मुलाच्या मागे धावला, मुलगा इमारतीबाहेर पळाला, पिस्तूल टाकून दिलं आणि जवळच पकडला गेला.

या पोलिसाला लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे. आणि अजून एक गोष्ट लक्षात ठेवा, की शाळेत त्या दिवशी पूर्ण ट्रेनिंग झालेला हत्यारी माणूस हजर होता. एक बाजू म्हणते, बघा, तो होता म्हणून मुलगा पळाला. दुसरी बाजू म्हणते, बघा, तो असूनसुद्धा चार पोरं जखमी झालीच ना, गोळ्या सुटायला किती सेकंद लागतात. खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर आहे, म्हणून तर हा वाद मिटत नाही.

दोन वर्षं तशीच गेली. मग 14 फेब्रुवारी 2018 ला फ्लोरिडात पार्कलंडच्या शाळेत 17 जण मारले गेले आणि शाळेचा हत्यारी डेप्युटी बाहेरच थांबून राहिला. त्यानंतर ट्रम्प साहेबांनी शिक्षकांना बंदुका द्यायची कल्पना उचलून धरली आणि इकडे आमच्या काउंटीचे पोलिसप्रमुख, म्हणजे शेरीफ, रिचर्ड जोन्स यांनी जाहीर केलं की शिक्षकांना लपवून पिस्तूल बाळगायच्या परवान्याचा क्लास फुकटात देतो. नावं इतकी आली की यादी बंद करावी लागली. म्हणजे 'शिक्षकांना हे नकोच आहे' असं जे सरसकट म्हणतात ते पूर्ण खरं नाही, निदान या भागात तरी नाही.

त्या हवेत एप्रिल 2018 मध्ये मॅडिसनच्या स्कूल बोर्डाने, म्हणजे तिथल्या शाळांचा कारभार बघणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाने, ठराव केला. ठराव असा की जे शिक्षक किंवा कर्मचारी स्वतःहून पुढे येतील त्यांच्यातल्या काहींना बोर्ड लेखी परवानगी देणार, त्यांनी शाळेत लपवून पिस्तूल बाळगायचं. अटी होत्या, नव्हत्या असं नाही. बंदुकीचं लायसन्स हवं, मानसिक तपासणी हवी, आणि हल्लेखोराला कसं तोंड द्यायचं याचं किमान 24 तासांचं ट्रेनिंग हवं. असं ट्रेनिंग फास्टर नावाच्या एका प्रोग्रॅममध्ये मिळतं, सँडी हूक शाळेतल्या हत्याकांडानंतर ओहायोतल्याच बंदूकवाल्या मंडळींच्या फाउंडेशनने तो सुरू केला. तीन दिवसांचा कोर्स.

सप्टेंबर 2018 मध्ये काही पालक कोर्टात गेले. केस 'गॅबर्ड विरुद्ध मॅडिसन लोकल स्कूल डिस्ट्रिक्ट' या नावाने ओळखली जाते. बाहेरच्यांना वाटतं की हे पालक बंदुकविरोधी शहरी टाइप असणार. गावातलेच लोक होते हो, त्यांची पोरं त्याच शाळेत जात होती. त्यांच्या मागे एव्हरीटाउन ही बंदूक नियंत्रणवाली मोठी संस्था वकील देऊन उभी राहिली हे खरंय, पण त्यांनी कोर्टात 'शाळेत बंदूक नकोच' असं मागितलंच नाही. त्यांचं म्हणणं फार साधं होतं, की बाबांनो, द्यायची तर द्या, पण राज्याचा कायदा जेवढं ट्रेनिंग सांगतो तेवढं पूर्ण करून द्या. आणि ठरवलेली पॉलिसी काय आहे ते आम्हाला दाखवा तरी.

आता तेव्हाचा कायदा काय सांगत होता ते बघू, कारण सगळा खेळ इथे आहे.

ओहायोत एक जुनं कलम आहे, 109.78(ड) असं आपण म्हणू. त्याचा तेव्हाचा अर्थ असा की कुठल्याही शाळेने स्पेशल पोलिस, सिक्युरिटी गार्ड, किंवा 'ड्युटीवर हत्यार बाळगावं लागतं अशा दुसऱ्या कुठल्या पदावर' माणूस ठेवायचा तर त्याने पोलिसांचं बेसिक ट्रेनिंग पूर्ण केलेलं पाहिजे, नाहीतर त्याची पोलिसात 20 वर्षं नोकरी झालेली पाहिजे. हे बेसिक ट्रेनिंग तेव्हा 728 तासांचं होतं. दुसरीकडे फौजदारी कायद्यात वेगळं कलम आहे, की शाळेच्या आवारात हत्यार आणणं गुन्हा, पण बोर्डाने लेखी परवानगी दिली असेल तर गुन्हा नाही.

बोर्ड म्हणालं, आमचा गणिताचा शिक्षक गणित शिकवायला ठेवलाय, हत्यार बाळगायला नाही, त्यामुळे पहिलं कलम त्याला लागूच होत नाही आणि दुसऱ्या कलमाप्रमाणे आमची लेखी परवानगी पुरेशी आहे. पालक म्हणाले, अहो पण तो ड्युटीवर हत्यार घेऊन फिरणार आहे की नाही? मग झालं. फौजदारी कलमातली सूट त्याला जेलपासून वाचवते, ट्रेनिंगपासून नाही.

पहिल्यांदा मी हे वाचलं तेव्हा मला बोर्डाचा मुद्दा पटला होता, कारण 'पद' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर गार्डच येतो. पण कलम पुन्हा वाचलं की कळतं, पदाचं नाव काय आहे याला तिथे महत्त्वच नाही, तो माणूस हत्यारी असतो की नाही एवढंच विचारलंय. आणि खरोखर विचार करा, ज्याने अर्ज करून, तपासणी देऊन, बोर्डाच्या परवानगीने कमरेला पिस्तूल लावलंय तो आता नुसता गणिताचा मास्तर राहिला का?

कोर्टातली वारी साधारण तीन वर्षं चालली. 2019 च्या सुरुवातीला काउंटी कोर्टाने बोर्डाच्या बाजूने निकाल दिला. मार्च 2020 मध्ये अपील कोर्टाने तो फिरवला. मग राज्याच्या सुप्रीम कोर्टात गेलं, तिथे अॅटर्नी जनरल डेव्ह योस्ट बोर्डाच्या बाजूने उतरले. 23 जून 2021 ला निकाल आला, 4 विरुद्ध 3, पालक जिंकले. निकाल लिहिला चीफ जस्टिस मॉरीन ओकॉनर यांनी, त्या रिपब्लिकन, आणि त्यांच्याबरोबर तीन डेमोक्रॅट जज. विरोधात गेलेल्या तिघांमध्ये एक जस्टिस डिवाईन, ते गव्हर्नर माइक डिवाईन यांचे चिरंजीव. छोटं राज्य नाहीये हे, पण कधी कधी गावच्या ग्रामपंचायतीसारखं वाटतं.

निकालात एक गोष्ट स्पष्ट होती, ती म्हणजे शिक्षकांनी बंदूक बाळगणं चांगलं की वाईट यावर कोर्ट काही म्हणत नाहीये, फक्त आहे तो कायदा वाचतंय, आणि बदलायचा असेल तर विधिमंडळाने बदलावा. म्हणजे चेंडू राज्याच्या राजधानीत, कोलंबसला गेला.

इथे जरा थांबून या तासांबद्दल बोलते, कारण मला वाटतं पूर्ण वादातला खरा प्रश्न हाच होता आणि तोच सगळ्यात कमी चर्चिला गेला.

728 तासांत काय काय असतं? कायदा, अटक, रिपोर्ट लिहिणं, गाडी चालवणं, ट्रॅफिकमध्ये गाडी थांबवणं, घरगुती भांडणं, प्रथमोपचार, अंगाची झटापट आणि अर्थात नेमबाजी. शिक्षकाला हायवेवर गाडी कशी अडवायची हे शिकून काय करायचंय, हा बोर्डाचा प्रश्न अगदी रास्त होता. आणि हेही खरं की पूर्ण वेळ नोकरी करणारी शिक्षिका चार-पाच महिने सुट्टी काढून पोलिस अकॅडमीत जाणार नाही, त्यामुळे 728 ची अट म्हणजे व्यवहारात बंदीच. पालकांच्या वकिलांनाही ते माहीत असणारच, उगाच भोळेपणाचा आव आणण्यात अर्थ नाही.

पण मग 24 कुठून आले? तीन दिवस कोणाला वेळ असतो म्हणून? 728 मधलं अनावश्यक काढून टाकलं तर किती उरतात हा हिशोब कोणीतरी बसून करायला हवा होता, 100 येतील, 200 येतील, जे येतील ते. फ्लोरिडाने पार्कलंडनंतर गार्डियन प्रोग्रॅम आणला त्यात 144 तास ठेवले. टेनेसीने 2024 मध्ये कायदा केला तिथे 40 तास. ओहायोत नखं करणाऱ्या बाईला लायसन्ससाठी 200 तास लागतात. हे मी थट्टेने सांगत नाहीये, आमच्या मॉलमधल्या सलूनमध्ये ते सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं असतं.

आणि ट्रेनिंग झालेल्यांचं काय होतं ते पण बघा. न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबारांचा रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेने 2008 मध्ये अभ्यास केला, त्यात समोरून गोळ्या येत असताना पोलिसांचा नेम लागण्याचं प्रमाण 18 टक्के निघालं. म्हणजे पाचातल्या चार गोळ्या दुसरीकडे कुठेतरी. आता मॅडिसनचं कॅफेटेरिया डोळ्यासमोर आणा, लांब टेबलं, ट्रे, पळणारी शंभरेक पोरं, आणि त्यांच्यामध्ये पिस्तूल घेतलेला एक पोरगा. तो 14 वर्षांचा आहे. तुम्ही त्याला ओळखता, कदाचित सकाळी पहिल्या तासाला तो तुमच्याच वर्गात बसला होता. त्याच्यावर गोळी झाडायची आणि ती त्यालाच लागली पाहिजे. सिनेमात येतो तो अनोळखी मास्कवाला हल्लेखोर, मॅडिसनमध्ये तो शाळेचाच मुलगा होता, आणि अमेरिकेतल्या शाळांमध्ये हे वारंवार असंच घडलंय. हे करण्याची मनाची तयारी तीन दिवसांत होते का, हा प्रश्न मी एका ओळखीच्या शिक्षिकेला विचारला, ती स्वतः शिकारीला जाते, घरी तीन-चार बंदुका आहेत. ती म्हणाली, "हरणावर चालवायला मला वडिलांनी दोन सीझन शिकवलं." एवढंच म्हणाली आणि विषय बदलला.

ग्रामीण बाजू मात्र झटकून टाकू नका. शहरात राहून '911 करा', म्हणजे पोलिसांना फोन लावा, म्हणणं सोपं आहे. दक्षिण ओहायोत अशा शाळा आहेत जिथे शेरीफची गाडी यायला पंधरा-वीस मिनिटं सहज लागतात आणि अशा घटना बऱ्याचदा पाच-सात मिनिटांत संपतात. स्वतंत्र रिसोर्स ऑफिसर ठेवायचा तर त्याचा पगार लहान डिस्ट्रिक्टला, म्हणजे एका बोर्डाखालच्या शाळांना, झेपत नाही, प्रॉपर्टी टॅक्स वाढवायचा ठराव मतदानात पडतो. अशा ठिकाणचा बोर्ड मेंबर म्हणतो की मी काहीच नाही पेक्षा काहीतरी निवडलं, तर त्याला वेडा म्हणता येत नाही.

आता कोलंबसचं पाहू. निकालाच्या आधीपासूनच एक बिल विधिमंडळात पडून होतं, हाउस बिल 99. ते आणणारा आमदार थॉमस हॉल, रिपब्लिकन, मॅडिसन टाउनशिपचाच. आणि 2016 ला त्या मुलाच्या मागे धावलेला शाळेतला पोलिस म्हणजे याचे वडील. हे कळल्यावर बिलाकडे बघायची माझी नजर थोडी बदलली, खोटं कशाला बोलू. बंदूकवाल्या लॉबीने लिहून दिलेलं बिल असं मी धरून चालले होते, पण ज्याचे वडील त्या दिवशी कॅफेटेरियाकडे धावले त्या माणसाचं म्हणणं निदान ऐकून तरी घेतलं पाहिजे.

बिल सरकत होतं हळूहळू. मग 24 मे 2022 ला टेक्ससमधल्या युव्हाल्डीत 19 मुलं आणि 2 शिक्षिका मारल्या गेल्या आणि जून उजाडता उजाडता सिनेटने बिल धडाधड पास केलं. समितीसमोर साक्ष द्यायला आलेल्यांत विरोधकांची रांग लांबलचक होती, त्यात शिक्षकांच्या संघटना होत्या आणि, हे महत्त्वाचं, राज्यातल्या पोलिसांची संघटना फ्रॅटर्नल ऑर्डर ऑफ पोलिससुद्धा होती. पोलिसच म्हणत होते की एवढ्या ट्रेनिंगवर माणूस उभा करू नका. 13 जून 2022 ला गव्हर्नर डिवाईन यांनी सही केली. योगायोग असा की त्याच दिवशी ओहायोत विनापरवाना लपवून पिस्तूल बाळगायला मुभा देणारा दुसरा कायदा लागू झाला. सप्टेंबर 2022 पासून हाउस बिल 99 अंमलात आलं.

म्हणजे सुप्रीम कोर्टातला पालकांचा विजय जेमतेम वर्षभर टिकला.

नवीन कायद्यात राज्याने ठरवलेलं ट्रेनिंग जास्तीत जास्त 24 तास. परत वाचा, जास्तीत जास्त. त्यात किमान 4 तास प्रत्यक्ष प्रसंग उभा करून सराव, बाकी हल्लेखोराला थांबवणं, वाद शांत करणं, जखमींना मदत वगैरे. त्यानंतर दर वर्षी 8 तासांपर्यंत उजळणी. पार्श्वभूमीची तपासणी दर वर्षी. बोर्डाने हत्यारी कर्मचारी ठेवायचं ठरवलं तर पालकांना तसं कळवणं सक्तीचं, पण कोण ते सांगायचं नाही. आणि बोर्डाला वाटलं तर 24 पेक्षा जास्त तास मागता येतात. कोलंबस, क्लीव्हलंड, सिनसिनाटी या मोठ्या शहरांच्या डिस्ट्रिक्टनी लगेच सांगून टाकलं की आम्ही हे करणार नाही.

युव्हाल्डीचं एक मला अजून झेपत नाही. तिथे 376 पोलिस जमले होते, सगळे हत्यारी, सगळे ट्रेनिंगवाले, आणि वर्गात शिरायला 77 मिनिटं लागली. त्यातून ओहायोच्या सिनेटने निष्कर्ष काय काढला तर कमी ट्रेनिंगवाले अजून काही हत्यारी लोक हवेत. समर्थकांचं उत्तर असं की पोलिस बाहेर थांबले म्हणूनच आत कोणीतरी हवं होतं. ऐकायला बरं वाटतं. पण मग तो आतला माणूस त्या 376 जणांपेक्षा वेगळा का वागेल हे कोणी सांगत नाही.

पुराव्यांचं म्हणाल तर बंदूकधारी शिक्षकांमुळे हल्ले कमी होतात की वाढतात हे ठोस सांगणारा अभ्यास रँडलाही सापडला नाही, दोन्ही बाजूंनी. 2023 मध्ये त्यांनीच शिक्षकांना विचारलं तेव्हा 54 टक्के म्हणाले की यामुळे शाळा जास्त असुरक्षित होईल, 20 टक्के म्हणाले सुरक्षित होईल, बाकीच्यांना फरक वाटत नव्हता. साधारण 19 टक्क्यांना स्वतः बाळगायला आवडलं असतं. हल्ले रोज होत नाहीत पण बंदूक मात्र रोज शाळेत असते, आणि अपघात त्या रोजच्यात होतात. 2014 मध्ये युटात एका शिक्षिकेचं पिस्तूल शाळेच्या टॉयलेटमध्ये उडालं, कमोड फुटून तुकडे पायात घुसले. मार्च 2018 मध्ये कॅलिफोर्नियात सीसाइड हायस्कूलमध्ये एका शिक्षकाची गोळी वर्गात छताला लागली, वरून पडलेल्या तुकड्यांनी विद्यार्थ्याला इजा झाली. तो शिक्षक रिझर्व्ह पोलिस होता आणि वर्ग चालू होता बंदुकीच्या सुरक्षिततेवर.

विमा कंपन्यांचं गणित मला जास्त बोलकं वाटतं, कारण त्यांना राजकारणाशी देणंघेणं नसतं. कॅन्ससने 2013 मध्ये शाळेत बंदुकीला परवानगी दिली तेव्हा तिथल्या बहुतेक शाळांचा विमा उतरवणाऱ्या कंपनीने कळवलं की हत्यारी कर्मचारी असलेल्या शाळेला आम्ही कव्हर देणार नाही. आयोवात 2023 मध्ये दोन डिस्ट्रिक्टनी ठराव मागे घेतला तो याच कारणाने. पालक, शिक्षक, पोलिस सगळे ओरडून दमले, आणि बोर्डाने ऐकलं कोणाचं, तर प्रीमियमचं.

आमच्याकडे म्हणजे माझ्या मुलीच्या डिस्ट्रिक्टमध्ये अजून तरी हे आलेलं नाही. ड्रिल मात्र होतं. दाराच्या चौकटीला एक चुंबकाची पट्टी लावलेली असते, दार कायम लॉक करून ठेवलेलं, पट्टीमुळे ते बसत नाही, आणि लॉकडाऊन म्हटलं की बाई पट्टी ओढतात की दार खटकन बंद, किल्ली शोधायला नको. लाइट बंद, दाराच्या काचेवर काळा कागद, सगळ्यांनी दारातून दिसणार नाही अशा कोपऱ्यात बसायचं. माझी आई कोल्हापूरहून आली होती तेव्हा लेकीने तिला हे सगळं अगदी उत्साहाने करून दाखवलं. आई म्हणाली, "अगं, शाळेत पाठवतेस का सीमेवर?" मला उत्तर सुचलं नाही. पण त्या पट्टीची किंमत काही डॉलर आहे आणि ती चुकून कोणाला लागत नाही, हे मी नंतर बऱ्याच लोकांना सांगितलंय.

आपल्या मराठी पालकांच्या ग्रुपवर हा विषय निघाला की दोन टोकं दिसतात, एक 'परत जाऊया भारतात' आणि दुसरं 'आपलं डिस्ट्रिक्ट चांगलं आहे, इथे नाही होणार'. मॅडिसनच्या लोकांनाही तसंच वाटत होतं. यातून करण्यासारखं काही असेल तर ते स्कूल बोर्डात आहे, कारण नव्या कायद्याने सगळा निर्णय तिथेच नेऊन ठेवलाय. बोर्डाची निवडणूक विषम वर्षांच्या नोव्हेंबरमध्ये असते, मतदान दरवेळी कमी, मोजक्या मतांनी माणसं निवडून येतात. आपल्यातले निम्मे एच-1बी आणि ग्रीन कार्डवाले, मत देता येत नाही, ठीक आहे. पण बोर्डाच्या मीटिंगमध्ये बोलायला सहसा कोणी पासपोर्ट विचारत नाही, आधी नाव नोंदवायचं, मोजून काही मिनिटं मिळतात. तेवढ्या वेळात तीन गोष्टी विचारता येतात. हत्यारी कर्मचारी ठेवायचा विचार आहे का, असेल तर 24 वर किती तास मागणार, आणि विमा कंपनीने लेखी काय दिलंय. आमच्याकडे तिसऱ्या प्रश्नाला खजिनदारांनी मान वर करून पाहिलं आणि पुढच्या मीटिंगला कागद आणतो म्हणाले.